टाकीचा फेटा

मामांनी पहिल्या भेटीत माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डोक्याकडे पाहिलं. बाजारात कलिंगड निरखावं तसं मान तिरकी करून आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मी बालाघाटातल्या वाशीजवळच्या एका खाजगी डेअरीत नवाच लागलो होतो. डिप्लोमा झालेला, पँटला इस्त्री. मला वाटलं केसांत काही अडकलंय, म्हणून मी हात फिरवला.

"लांबुळकं हाय," मामा म्हणाले. "नऊ मीटर लागंल. कानाच्या वर खड्डा हाय, तिथं भर घालावी लागंल."

मग माझ्या मागच्या तुपाच्या टाकीकडे त्यांची नजर गेली आणि चेहरा खुलला. "हिचं बगा. कसं गोल! डोकं असावं तर असं."

मामा नात्यानं माझे कुणी नव्हते, सगळा मुलूखच त्यांना मामा म्हणे. त्यांचे धंदे दोन. लग्नसराईत फेटे बांधायचे, आणि लग्नं नसतील तेव्हा कारखान्यांतल्या टाक्यांना बाहेरून तांब्याची नळी गुंडाळायची. त्यांच्या लेखी मात्र धंदा एकच होता. "एक मऊ फेटा, एक कडक फेटा," असं ते म्हणत. घर परंड्यात, किल्ल्याच्या जवळ. घराण्यात मेंढरं होती, पण मामांना मेंढरांचा नाद लागला नाही, गुंडाळायचा लागला. लहानपणी म्हणे बसलेल्या मेंढरालासुद्धा ते सुतळी गुंडाळून बघत. हे मामींनी सांगितलेलं, आणि मामी नवऱ्याविषयी सांगताना मीठ जरा जास्तच घालतात.

टाकीला नळी कशाला, हे सांगायला हवं. बालाघाटाच्या माथ्यावर थंडी पडली की तूप थिजतं. घरात डब्यातलं थिजलं तर आपण चमच्यानं खरवडतो, खोलीएवढ्या टाकीतलं थिजलं तर चमचा कुठून आणणार? टाकी पातळ स्टीलची. तिला नळी वेल्डिंगनं चिकटवावी तर पत्रा भाजतो, आणि नळी आतून घालावी तर टाकी धुताना जीव जातो. म्हणून नळीचे वेढे बाहेरून द्यायचे, पट्ट्यांनी आवळायचे आणि नळीतून बॉयलरची वाफ सोडायची. आता नळीही गोल, टाकीही गोल. दोघी एकमेकींना टेकतात त्या नुसत्या रेघेएवढ्या. मधली फट भरायला एक राखाडी पेस्ट मिळते, ती नळीतली ऊब टाकीपर्यंत नेते. मामा तिला मलम म्हणत.

"नळी नुसती टेकली तर उपेग काय?" ते म्हणायचे. "पाव्हणा दारात उभा ऱ्हायला म्हंजे जेवला का? त्याला आत घेणारं कुणी लागतं. मलम म्हंजे घरची बाई."

कामाला सुरुवात करण्याआधी टाकीला गरम पाण्यानं आणि सोड्यानं न्हाऊ घालायचं. त्यानंतर मामांशिवाय कुणी तिला हात लावायचा नाही. एकदा आमच्या मालकांनी कौतुकानं टाकीवर हात ठेवला. मालक म्हणजे तालुक्यातला वजनदार माणूस. त्यांच्यासमोर आम्ही खोकतानाही परवानगी घेतल्यासारखं खोकायचो. मामा शिडीवरून ओरडले, "अवो, हळद लागल्यावर नवरदेवाला शिवतेत का? हाताचं तेल लागतंय! परत न्हाऊ घाला रं हिला!" आणि मालकांच्या देखत सगळी टाकी पुन्हा धुवायला लावली. मालक आपला हात दुसऱ्या हातात धरून उभे राहिले.

मोजायला टेप नाही, बोटं. दोन वेढ्यांत चार बोटांचं अंतर. माझ्याकडे नकाशा होता आणि नकाशात मिलिमीटर होते. मी हट्टानं मोजलं, तर मामांची चार बोटं सकाळी एक भरत आणि जेवल्यानंतर वेगळीच. मी विजयी मुद्रेनं टेप पुढे केला.

"जेवल्यावर बोटं फुगतेत," मामा शांतपणे म्हणाले.

"मग अंतर चुकलं ना, मामा?"

"टाकीबी दुपारची फुगती. बराबर होतंय."

मामा चुकत नव्हते असं नाही. भरपूर चुकत. पण आपण चुकू शकतो ही बातमी त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

तांब्याला ओढू नये, बोलवावं, असं त्यांचं म्हणणं. नळीचं वेटोळं टाकीभोवती उलगडताना ते खरोखरच बोलत असत. "ये बाई, ये. इकडनं ये. भिऊ नगं." वाफ वरून आत येणार, थंड होऊन पाणी झालं की खालून बाहेर जाणार. वर जिथं वाफ शिरते, तिथं मामा नळीला एक डौलदार बाक देत. तो तुरा. खाली जिथं पाणी निघतं, तिथं नळी गरजेपेक्षा हातभर लांब सोडून छानशी वळवत. तो शेमला, फेट्याचं पाठीवर रुळणारं टोक. तुऱ्याचा काही उपयोग नव्हता आणि शेमल्याचा तर नव्हताच. येताजाता पायात यायचा. मी एकदा तो कापायला सांगितला. मामा शिडीवरून खाली उतरले.

"इंजनेर, तुमच्या लग्नात शेमला कापलेला फेटा घालणार का?"

"लग्नाचं वेगळं, मामा."

"हिचं बी लग्नच हाय. वाफेशी."

शेमला राहिला. डेअरीतल्या बायका त्यावर ओली फडकी वाळत घालू लागल्या, म्हणजे शेवटी उपयोग निघालाच, आणि मामा तो आधीपासूनच ठरवून केल्यासारखे वागू लागले.

काम संपलं की ते नखानं नळीवर टिचकी मारत. 'टण' वाजलं तर आत फट आहे. 'ठप्प' वाजलं तर बसली. हीच टिचकी ते नवरदेवाच्या फेट्यावरही मारत. वाशीतल्या एका लग्नात त्यांनी फेटा इतका ठप्प बसवला, की दोन्ही कान आत गेले आणि नवरदेवाला मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत. 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, तरी तो हार धरून तसाच उभा. शेवटी नवरीनंच त्याच्या पायावर पाय दिला. मामांना कुणी बोललं, तर म्हणाले, "आत्तापास्नं ऐकू न्हाय आलं तर संसार बरा होतोय."

तांब्याचं वेटोळं ते कुठल्याही टेम्पोत टाकत नसत. दचके बसतात म्हणून. गळ्यात हारासारखं घालून एस.टी.नं यायचे. एकदा कंडक्टरनं हटकलं, हे काय आहे? मामा म्हणाले, "फेटा हाय. बांधून दावू का?" कंडक्टरनं त्यांना पुढची सीट दिली आणि पुढच्या थांब्यापर्यंत तिकडे वळून पाहिलं नाही.

स्वतः मामा बोडके. टक्कल चकचकीत, त्यावर कधी टोपीसुद्धा नाही. विचारलं तर म्हणत, "आपल्या डोक्याला आपणच फेटा बांधायचा म्हंजे आपली पाठ आपणच थोपटायची." पाठ थोपटायचं काम ते तोंडानं करत, त्यामुळे हात मोकळे राहत.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. आता पुढचं.

मी फार बोलणारा माणूस नाही. घरातही नाही. या भागातल्या पाहुण्यांमध्ये माझी एक ख्याती आहे: हा माणूस कुणाच्याही लग्नात फेटा बांधून घेत नाही. स्वतःच्या लग्नात मी टोपीवर भागवलं, आणि सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात पहिल्या रांगेत बोडका बसलो होतो. कुणी म्हणतं तत्त्वाचा माणूस आहे, कुणी म्हणतं अर्धशिशी आहे. खरं कारण असं, की फेटे बांधायला बहुतेक ठिकाणी मामाच असत, आणि मामांच्या हाताखाली डोकं द्यायची मला हिंमत नव्हती. ते का, ते सांगतो.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि थंडीनं एकदम तोंड दाखवलं. डेअरीत नवी टाकी आली होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस ती पाहायला येणार होता. त्याला आमचं तूप पसंत पडलं असतं तर डेअरीची भरभराट होती. मालकांनी मला बजावलं, "नळातनं तूप धार धरून पडलं पाहिजे. बाकी मला काही कळत नाही." मामांनी नळी वळवून तयार ठेवली. पण मलम पुण्याहून यायचं होतं आणि पार्सल कुठंतरी अडकलं होतं. मामांची लग्नं सुरू होत होती. त्यांनाही निघायची घाई.

तेव्हा मी तोंड उघडलं. शाळेच्या सहलीत परंड्याचा किल्ला पाहिला होता. तिथं गुरुजींनी सांगितलेलं, की जुन्या बांधकामाच्या चुन्यात गूळ आणि उडीद घालत, म्हणून दगड इतकी वर्षं सुटले नाहीत. मी म्हणालो, "मामा, फट भरायलाच हवी आहे ना? मग आपण चुना, गूळ आणि उडदाचं पीठ लावू."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी चेहऱ्याकडे. "गूळ? टाकीला लावायचा का पोळीला?"

"किल्ला उभा आहे, मामा."

"किल्ल्यात कुणी तूप ठिवलं व्हतं?"

मी ठासून बोललो. डिप्लोमा मध्ये आणला. उष्णतेचं वहन वगैरे शब्द वापरले. मामा पुटपुटत घमेल्याशी बसले. चुना भिजला, गूळ विरघळला, उडदाचं पीठ पडलं. मामा बोटानं ढवळत राहिले. थोड्या वेळानं उठून बाहेरच्या झाडाचं बेलफळ घेऊन आले. "गूळ एकटा टिकत न्हाय. बेलाचा गर लागतोय. किल्ल्याच्या चुन्यात बेल असतोय." दुपारपर्यंत ते त्याला 'आपलं मलम' म्हणायला लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते 'माझं मलम कसं हाय?' असं विचारतच. मी ते तेव्हा ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

नळी बसली. टिचकी मारली, ठप्प. वाफ सोडली, तूप पातळ झालं, नळातून धार लागली. मामा टाकीभोवती फिरत होते. वरून काचेची लोकर आणि पत्र्याचं आवरण चढवायचं बाकी होतं, पण पत्रेवाला आला नव्हता आणि मामांनाही घाई नव्हती. "चार दिस उघडी ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "लोकास्नी दिसू द्या."

गूळ तापला आणि डेअरीभर चिक्कीचा वास सुटला. कामगार दिवसभर भुकेजल्यासारखे हिंडू लागले. वॉचमन नाकानं वास घेत घेत टाकीपर्यंत यायचा आणि ओशाळून परत जायचा. आम्ही हसलो.

गिऱ्हाइकाचा माणूस आला तो सकाळी. रात्रभर वाफ बंद होती, टाकी कोमट होती. मुंग्यांना हवी तशी. त्या शेमल्यावरून चढल्या होत्या आणि वेढ्यांच्या कडेकडेनं थेट तुऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. वाशी तालुक्यात त्या सकाळी दुसरीकडे कुठं मुंगी उरली असेल असं मला वाटत नाही. तांबडी नळी, काळी पट्टी, पुन्हा तांबडी नळी, पुन्हा काळी पट्टी. लांबून पाहिलं तर काठाचा फेटा.

त्या माणसानं चष्मा पुसला. "ही मधली काळी पट्टी कशाची?"

मालकांनाही ठाऊक नव्हतं. पण मालक होते ते. "डिझाइन आहे," म्हणाले.

तो माणूस टाकीजवळ गेला. बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "डिझाइन हलतंय."

त्यानं नंतर पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मालक आमच्याकडे वळले. टाकीशी मी होतो आणि शिडीला टेकून मामा होते. आणखी कुणी नव्हतं.

"कुणाची अक्कल ही?"

मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. घरी वडिलांनी नुकतीच माझ्या लग्नाची बोलणी काढली होती. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी कारण बिरण काही नव्हतं. जीभ आपोआप वळली.

"कल्पना मामांची होती," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मालकांकडे पाहिलं, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "व्हय. माझीच."

"उद्यापासून या फाटकात दिसायचं नाही."

मामांनी उरलेलं वेटोळं गळ्यात घातलं. जाता जाता टाकीला एक टिचकी मारली. ठप्प. आणि गेले. पुढच्याच वर्षी मालकांनी तुपाचा विभाग माझ्याकडे सोपवला.

'व्हय, माझीच.' हे दोन शब्द मी इतकी वर्षं उशाखाली घेऊन झोपलो. त्या माणसानं मला वाचवलं. स्वतःचं तोंड काळं करून घेतलं आणि एका शब्दानं बोलला नाही. डेअऱ्यांमध्ये गोष्ट पसरली, त्यांना कुणी बोलावेना, ते नुसते फेट्यांवर आले, असं कानावर यायचं. मी मनात त्यांचा देव करून ठेवला होता. कुठल्याही लग्नात तो चकचकीत देव दिसला, की मी मांडवाच्या दुसऱ्या दारानं आत जायचो.

यंदा माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. नवरीच्या बापानं बोडकं बसून चालत नाही. बायकोनं पहिल्यांदाच मला खडसावलं.

"व्याह्यांकडचे सगळे फेट्यात येणार, आणि तुम्ही काय टक्कल पडल्यासारखे बसणार? मामांना सांगून या. टाकीला बांधून घेतलंत, आपल्याच डोक्याला काय झालं?"

ती सहज बोलली. मी रात्री ठरवलं, आणि सकाळी परंड्याला निघालो. आधी सांगायचं, मग फेट्याचं बोलायचं. त्यांनी हाकलून दिलं तर मुलीच्या लग्नात बोडकं बसायचं, आणि कारण विचारलं तर तेही सांगायचं.

मामांच्या अंगणात दोरीवर फेटे वाळत होते: भगवे, गुलाबी, नागमोडी पट्ट्यांचे लेहरिया. मामा उपड्या घागरीला फेटा बांधत बसले होते. मला पाहून मान तिरकी केली.

"केस पातळ झालेत. आता साडेआठात भागंल."

मामींनी चहा टाकला. मी चटईवर बसलो, पण कप हातात येईपर्यंत थांबलो नाही. थांबलो असतो तर चहा पिऊन परत आलो असतो.

"मामा, गुळाची कल्पना माझी होती."

"कुठला गूळ?"

"टाकीचा. मुंग्या झाल्या तो. मालकांना मी खोटं सांगितलं. तुमचं काम गेलं ते माझ्यामुळं."

मामांचा हात घागरीवर थांबला. मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. आता ते काय म्हणतील? शिवी देतील, नाहीतर पाठीवर हात ठेवतील.

"कोण म्हणतं तुझी व्हती?" मामा म्हणाले. आवाज चढलेला होता.

"मीच म्हणतोय."

"तू कोण म्हणणार? किल्ल्याच्या सावलीत म्या वाढलो, आन् किल्ल्याचा चुना तू मला शिकवणार? तू कुठला? वाशीचा! वाशीला किल्ला हाय का?"

"मामा, तुम्हीच म्हणाला होता, गूळ टाकीला लावायचा का पोळीला."

"ती तुझी परीक्षा घेत व्हतो."

"पण मालकांसमोर तुम्ही 'व्हय, माझीच' म्हणालात. मला वाचवायला."

"तुला वाचवायला?" मामांनी मामींकडे पाहिलं. "ह्यो बुडत व्हता का तवा?"

मामी चहा घेऊन आल्या होत्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "घरात साप निघाला तवा ह्येंनी मला वाचवलं न्हाय, पळत भायेर गेले. तुमाला काय वाचवतेत!"

"माझी व्हती म्हणून माझी म्हणलो," मामा म्हणाले. "इमानानं. आन् आज इतक्या वर्सांनी तू ती न्यायला आलास?"

मग सगळं कळलं. डेअऱ्यांनी बोलवायचं बंद केलं, हे खरं. पण गूळ पावडरच्या कारखान्यांनी सुरू केलं. तिथं रसाच्या टाक्यांना मामांनीच नळी बांधलेली. "तिथं मुंग्यांचं काय न्हाय. त्या आधीपास्नं पगारावर हायत." आणि लग्नात फेटे बांधताना मामा जी गोष्ट सांगतात, जी ऐकायला माणसं फेटा बांधून झाल्यावरही थांबतात, ती हीच. मुंग्यांची. तीत मामा एकटेच आहेत. मी नाहीच. गोष्टीचा शेवट असा, की पुढं ती टाकी भंगारात निघाली, छिन्नीनं नळी सोडवायला गेले, पत्रा फाटला पण मलम सुटलं नाही. "अस्सल गूळ व्हता म्हणून मुंग्या आल्या," मामा म्हणतात. "भेसळीला मुंगी तोंड लावती का?"

टाकी भंगारात निघाली तेव्हा मी तिथंच होतो. मलम सुटलं नाही, हे खरं आहे.

मी हळूच फेट्याचं काढलं. फेट्याचं टोक दातात धरून मामांनी घागरीला आणखी एक वेढा दिला. मग टोक सोडून म्हणाले, "येतो. पर एक अट. चार माणसांत म्या विचारलं, की खरं बोलायचं."

"खरं म्हणजे कुठलं, मामा?"

"खरं किती असतेत?"

मामी हसू पदरात लपवत आत गेल्या.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात मामा सकाळीच खुर्ची मांडून बसले. पोरं मोबाइल रोखून उभी. आमचे जुने मालकही आले होते. थकलेत आता, हातात काठी आहे, पण बसले पहिल्याच रांगेत. त्यांच्या डोक्याला मामांनी आधीच गुलाबी फेटा चढवलेला होता. मालकांना तो बांधणारा माणूस कोण, हे आठवत असेल असं वाटलं नाही.

माझा नंबर आला. मी डोकं दिलं. मामांनी पहिला वेढा घेतला, कानावरच्या खड्ड्यात भर घातली आणि गोष्ट सुरू केली. चुना, गूळ, उडीद, बेल. चिक्कीचा वास. 'डिझाइन हलतंय'ला माणसं पोट धरून हसली. मालकांची काठी जमिनीवर आपटायला लागली. ते हसत होते. "अरे, ती टाकी माझी!" ते म्हणाले. "कुणाची अक्कल होती रे ती?"

मामांचे हात थांबले. कापड ताणून धरलेलं, त्यामुळे मला मान हलवता येईना.

"इंजनेर," मामा म्हणाले, "मालक विचारायलेत. कुणाची?"

माझी मुलगी हिरवा चुडा घालून दारात उभी होती. व्याही बघत होते. समोर मालक होते. मालक तेच, मामा तेच, प्रश्नही तेव्हाचाच.

"कल्पना मामांची होती," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. मामांनी छाती पुढे काढली, शेवटचा वेढा खोवला, तुरा उभा केला, शेमला माझ्या पाठीवर सोडला. हातभर लांब, गरजेपेक्षा जास्त. मग नखानं टिचकी मारली.

ठप्प.

"बसला," म्हणाले, आणि पुढच्या डोक्याकडे वळले.

तर आता इथं, एकदा नीट, मी लिहून ठेवतो: गूळ माझा होता. उडीदही माझा. बेलाचा गर तेवढा मामांचा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी परंड्याकडे जाणार असेल, तर कृपा करून तिकडे हे बोलू नये. मला अजून धाकटीचं लग्न करायचं आहे.